ऊन टाळून, पाणी शोधत

संध्याकाळी कुठे जायचे, हा प्रश्न मुंबईकराला फारसा पडत नाही. गिरगावची, दादरची नाहीतर जुहूची चौपाटी असतेच. रत्नागिरीकराला मांडवी आहे, अलिबागकराच्या तर दारातच किनारा. छत्रपती संभाजीनगरपासून मुंबईचा समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटरवर. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच पठारावर वसलेल्या या शहराच्या वाट्याला आले ते नुसते ऊन. मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो आणि दुपारी बारा ते चार रस्ते अर्धे रिकामे होतात. पण हवा कोरडी असल्यामुळे सूर्य कलला की ती लवकर निवते. किनारपट्टीवर रात्री दहालाही अंगाला चिकटून राहणारा घाम इथे नसतो.

म्हणून इथल्या फिरण्याचे वेळापत्रक उन्हाने ठरते आणि फिरण्याची ठिकाणे पाण्याने. शहराचा नकाशा उघडून त्यावर लोकांच्या आवडत्या जागांवर खुणा केल्या, तर त्यातल्या बऱ्याचशा एखाद्या तलावाच्या, नहरीच्या, कुंडाच्या किंवा धरणाच्या काठी पडतील.

पहाटेचे गाव

उन्हाळ्यात शहर खऱ्या अर्थाने चालते ते सकाळी साडेपाच ते आठ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात आणि मागच्या गोगाबाबा टेकडीवर या वेळी निवृत्त शिक्षक, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे आणि गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या आजी एकाच वाटेने जाताना दिसतात. विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ ची. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर अभिवादनासाठी मोठी गर्दी लोटते. एरवी हा परिसर फिरायला येणाऱ्यांचा. जवळच्याच डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या दबदब्यापुढे ही बौद्ध लेणी पर्यटकांच्या यादीत मागे पडतात. शहरातल्या लोकांना मात्र ती सकाळी पायऱ्या चढून, दम खाऊन परत येण्याइतकी जवळची.

दिल्ली दरवाजाच्या बाजूला दोन ठिकाणे लागून आहेत. एक हिमायत बाग: सुमारे तीनशे एकरांची मोगलकालीन बाग, जिथे आज कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. आंब्याची जुनी झाडे, शक्कर बावडी आणि पावसाळ्याच्या तोंडावर कलमे घ्यायला येणारी माणसे ही तिची ओळख. दुसरे सलीम अली सरोवर. पूर्वी याला खिजरी तलाव म्हणत. पुढे पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव मिळाले. हिवाळ्यात काठाच्या रस्त्यावर स्कूटर थांबवून, गळ्यात दुर्बीण अडकवून उभे राहिलेले लोक हमखास भेटतात.

दुपार: नहरीचे गार

ज्याने हे शहर वसवले त्या मलिक अंबरला पाण्याचे गणित चांगले कळत होते. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली आणि काही वर्षांतच डोंगरातले झरे अडवून ते पाणी जमिनीखालच्या नळांतून गावात आणले. ही नहर-ए-अंबरी. पाणी उतारावरून येताना त्याचा दाब सांभाळण्यासाठी ठिकठिकाणी उंच मनोरे बांधले होते. पुढे खडकीचे फतेहनगर झाले, औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावे बदलत गेली, पाण्याची चिंता तीच राहिली.

याच विद्येचा सगळ्यांत लोकप्रिय नमुना म्हणजे खाम नदीकाठची पाणचक्की. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. काही किलोमीटरवरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी एका उंच भिंतीवरून हौदात कोसळते आणि त्याच्या जोरावर दगडी जाते फिरते. दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी इथे धान्य दळले जाई. पण उन्हाळ्यात सहकुटुंब येणाऱ्यांना जात्यापेक्षा हौदाखालचे दालन जास्त आवडते. वरच्या हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत. डोक्यावर पाणी साठलेले असल्यामुळे आत शिरताच गारवा जाणवतो. नहरीला पाणी असेल तेव्हा ही जागा भर दुपारीही बसण्यासारखी असते. नहर आटली की मात्र भिंतही कोरडी आणि पोरांचा चेहराही.

बाकी दुपार कूलरसमोर जाते. बाहेर पडावेच लागले, तर रस्त्यारस्त्यावर रसवंत्या असतात. लिंबू-आले घातलेला उसाचा रस दोन ग्लास घेतल्याशिवाय पुढचे काम सुचत नाही.

दिवे लागल्यावर

पाच वाजले की शहर पुन्हा बाहेर येते. बीबी का मकबऱ्याची हिरवळ याच वेळी भरते. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर. ताजमहालाचे मुख्य वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा अताउल्लाह याने तिची रचना केली, म्हणून ताजशी तुलना टळत नाही. संगमरवर इथे हात राखून वापरला आहे. बाकी भिंतींवर गुळगुळीत चुन्याचा गिलावा. पाहुण्यांना हा फरक समजावून सांगणे हा स्थानिकांचा आवडता उद्योग.

खरेदीचा जुना पट्टा पैठण गेटपासून टिळक पथाने गुलमंडीपर्यंत. लग्नसराईत इथे चालायला जागा नसते. १९७० च्या दशकात सिडकोने शहराच्या पूर्वेला नवे नगर वसवायला घेतले आणि एन-एक, एन-दोन अशी घरांच्या पत्त्यांची नवी भाषा आली. त्या बाजूच्या तरुणांचा अड्डा कॅनॉट प्लेस, तर जुन्या शहराजवळच्यांचा निराला बाजार. दोन्हीकडे चहा, सँडविच, मोमो आणि मोटरसायकलींना टेकून तासन्‌तास चालणाऱ्या गप्पा. स्वस्तात बाजारहाट हवी असेल, तर गुरुवारी छावणीचा आणि रविवारी जाफर गेटचा आठवडी बाजार. भाजी, शेळ्या, जुनी हत्यारे, सायकलींचे सुटे भाग असे काहीही तिथे मिळते.

रात्रीचे जेवण हा स्वतंत्र कार्यक्रम. शहागंज, सिटी चौकाच्या बाजूला नान खलिया खायला लोक दुरून येतात. तंदूरमधली मोठी, पिवळसर नान आणि मसालेदार मटणाचा पातळ रस्सा असा हा जोड. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा लष्कराला एकदम जेवू घालण्यासाठी हा बेत निघाला, अशी कथा इथे सांगतात. रमजानमध्ये या भागाला रात्री दोन वाजताही जाग असते. शाकाहारी मंडळींची पावले गुलमंडीच्या इमरतीकडे वळतात. शेवट उस्मानपुऱ्यातल्या तारा पान सेंटरवर, जिथे पानासाठीही रांग लागते.

नवरात्रात ही सगळी गर्दी कर्णपुऱ्याकडे सरकते. छावणीजवळच्या कर्णपुरा देवीची यात्रा म्हणजे नऊ रात्री आकाशपाळणे, रेवड्या, बांगड्या आणि हरवलेल्या मुलांच्या नावाचा पुकारा. पहाटे अनवाणी दर्शनाला जाणाऱ्यांच्या रांगा वेगळ्याच.

रविवारचा रस्ता

शहरातून वायव्येला निघालेला एकच रस्ता दिवसभराची सहल पुरवतो. पंधरा किलोमीटरवर देवगिरी किल्ला, म्हणजे दौलताबाद. खंदक, अंधारी आणि वरची चढण सकाळी दहाच्या आत उरकावी, हा जाणत्यांचा सल्ला. पावसाळा सरताना पायथ्याशी सीताफळांच्या पाट्या लागतात. घरी नेण्याआधीच निम्मी फळे गाडीत संपतात. पुढे कागजीपुरा, जिथे हाताने कागद बनवण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे. मग खुलताबाद आणि साधारण तीस किलोमीटरवर वेरूळ.

वेरूळची ३४ लेणी १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पर्यटक कैलास लेण्यासाठी येतात. संभाजीनगरकर पावसाळ्यात मुद्दाम २९ व्या लेण्याकडे जातात, कारण त्याच्या शेजारी येळगंगेचा धबधबा कुंडात पडतो. लोक त्याला सीतेची न्हाणी म्हणतात. घृष्णेश्वराचे दर्शन झाले की अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले शिवालय तीर्थ पाहायचे. लाल दगडाच्या पायऱ्या चारी बाजूंनी पाण्यापर्यंत उतरतात आणि त्यावर छोटी देवळे बसवलेली आहेत.

खुलताबादहून वर गेले की म्हैसमाळ. उंची हजार मीटरच्या पुढे, त्यामुळे हवा शहरापेक्षा थोडी गार. गिरिजादेवीचे देऊळ, ढगात बुडालेला दूरदर्शनचा मनोरा, भाजलेली कणसे आणि वाफाळता चहा एवढ्या भांडवलावर हे ठिकाण पावसाळ्यात ओसंडून वाहते.

या रस्त्याची एक वारी पायी होते. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री शहरातून हजारो लोक खुलताबादच्या भद्रा मारुतीला निघतात. इथला मारुती झोपलेल्या अवस्थेत आहे. पंचवीसेक किलोमीटर चालून शनिवारी पहाटे दर्शन घ्यायचे आणि एसटीने परतायचे. वाटेत ठिकठिकाणी चहा-फराळ वाटणारी मंडळे असतात. हनुमान जयंतीलाही हेच. त्या वेळी चैत्राचा उन्हाळा असतो, म्हणून रात्रीचे चालणे भक्तीइतकेच सोयीचेही.

हिवाळा आला की वाट शेताकडे वळते. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीची कणसे हुरड्याला आली की आसपासच्या शेतांत हुरडा पार्ट्या सुरू होतात. आगटीत भाजलेला कोवळा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. ज्यांच्या गावी शेत आहे त्यांना बोलावणे असते. ज्यांचे नाही ते पैसे मोजून जातात.

जायकवाडी किती टक्के?

ऑगस्टपासून शहरात भेटणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. पैठणचे जायकवाडी धरण शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे लोकार्पण केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे आणि मागे नाथसागराचा असा विस्तार की मधोमध पाहिले तर पलीकडचा काठ दिसत नाही. मराठवाड्यातल्या मुलांना लाटा पहिल्यांदा दिसतात त्या इथे.

गंमत अशी की हा जलाशय भरायला संभाजीनगरात पाऊस पडावाच लागत नाही. पाऊस पडतो नाशिककडे. गोदावरीला पूर येतो, वरची धरणे भरून सुटतात आणि ते पाणी इथे पोचते. धरण भरून दरवाजे उघडले की गाड्यांची रांग पैठणकडे लागते. फेसाळणाऱ्या पाण्याचे तुषार अंगावर घ्यायला लोक इतकी गर्दी करतात की पोलिसांना रस्ता अडवावा लागतो. हिवाळ्यात गर्दी कमी, पण जास्त चिकाटीची: रोहित, पट्टकदंब, चक्रवाक पाहायला पक्षिमित्र पहाटे काठावर येतात. जलाशयाला १९८६ पासून पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे. धरणाखालचे संत ज्ञानेश्वर उद्यान म्हैसूरच्या वृंदावनच्या धर्तीवर उभारले होते. एका पिढीची शाळेची सहल म्हणजे तिथले रंगीत कारंजे. पुढे त्याची रया गेली आणि दुरुस्ती रेंगाळत राहिली. पैठणला गेलेली कुटुंबे आता एकनाथ महाराजांच्या समाधीचे दर्शन, पैठणीचे माग आणि नाथसागर असा बेत आखतात.

शहर पिते ते पाणी याच जलाशयाचे. तरीही धरण काठोकाठ असताना अनेक वसाहतींत नळ येतो तो काही दिवसांच्या अंतराने, कारण इतक्या मोठ्या शहराला पुरेल एवढे पाणी वाहून आणणे जुन्या जलवाहिन्यांना झेपत नाही. टँकर आणि पाण्याचे जार हा घरखर्चातला कायमचा भाग झाला आहे.

त्यामुळे पाहुणे येणार म्हटले की दोन वेळापत्रके समोर ठेवली जातात. पहिले लेण्यांचे: सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. दुसरे नळाचे. दोन्ही जुळली तर सगळे कुटुंब एकत्र निघते. पाण्याचा वार मध्ये आला, तर कुणीतरी एक जण टाकी भरायला घरी थांबतो आणि वेरूळ पाहायचे पुन्हा पुढच्या खेपेवर टाकतो.