टोमॅटोची थेट पेरणी : हळव्या वाणांची निवड

गादीवाफ्यावर टोमॅटोची रोपे तयार करून पंचवीस-तीस दिवसांनी त्यांची पुनर्लागण करणे ही सर्वमान्य पद्धत होय. तथापि, परसदारी दहा-बारा झाडे वाढविणाऱ्या कुटुंबास एवढा खटाटोप आवश्यक नाही. बी कायम जागीच पेरले असता सोटमूळ न तुटता खोल जाते आणि एखादी पाण्याची पाळी चुकली तरी झाड तग धरते.

मात्र वाण निवडताना एक हिशेब ध्यानी घ्यावयास हवा. बियाण्याच्या पाकिटावर '६० ते ६५ दिवसांत फळे' असे छापलेले असते. हे दिवस बहुधा पुनर्लागणीपासून मोजलेले असतात. थेट पेरणीत रोपावस्थेचे आणखी तीन-चार आठवडे त्यात मिळवावे लागतात. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या प्रारंभी पेरलेल्या हळव्या वाणाची फळे त्यामुळे जानेवारीच्या सुमारास पिकू लागतात. गरव्या वाणाचा बहर मात्र मार्चच्या उन्हात सापडतो. रात्रीचे तापमान २१-२२ अंश सेल्सियसच्या वर राहू लागले की फलधारणा घटून फुले गळतात. दिवसाचे तापमान सतत ३० अंशांपलीकडे गेल्यास फळांना लाल रंग नीट चढत नाही. विहिरींचे पाणीही त्याच सुमारास खालावते. हळवा वाण हवा तो यासाठी. लवकर फळे खाण्याची हौस ही गौण बाब होय.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे 'पुसा रुबी' आणि 'पुसा अर्ली ड्वार्फ' हे वाण या दृष्टीने उपयुक्त आहेत. 'पुसा रुबी'ची फळे किंचित चपटी व आंबटसर असतात. सार, आमटीस ती उत्तम, टिकाऊपणात मात्र उणी. 'अर्ली ड्वार्फ' ठेंगणा असल्याने त्यास आधार कमी लागतो. हे दोन्ही सुधारित वाण असल्याने घरचे बी पुढील हंगामास धरता येते. संकरित बियाणे महाग असते आणि त्याचे घरी धरलेले बी मूळ गुणाचे निपजत नाही. प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया टाकावयाच्या असताना हा खर्च अनाठायी ठरतो.

आळ्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळून बी एक सेंटिमीटर खोल पेरावे. रोपांना चार-पाच पाने आल्यावर एकच जोमदार रोप राखून उरलेली कात्रीने कापावीत. उपटल्यास शेजारच्या मुळांना इजा पोचते. पांढरी माशी 'बोकड्या' या विषाणुरोगाचा प्रसार करते. पहिले तीन-चार आठवडे आळ्यावर जुन्या मच्छरदाणीचे कापड ताणून बसवावे आणि त्याच्या कडा मातीत दाबाव्यात.