तालमीतील संस्कार : युवक-युवतींसाठी नाट्यप्रशिक्षण कशासाठी?

नाताळ किंवा पवित्र आठवडा जवळ आला की आपल्या बहुतेक धर्मग्रामांतून नाटकाची लगबग सुरू होते. प्रभूच्या जन्माचे वा दुःखसहनाचे प्रसंग बसविले जातात, पोशाख भाड्याने येतात, चर्चच्या पटांगणात मंच उभा राहतो. अलीकडे त्यात एका नव्या सोयीची भर पडली आहे. संवाद आधीच ध्वनिमुद्रित करून घेतात आणि मंचावरील मुलेमुली केवळ ओठ हलवितात. प्रयोग बिनचूक होतो, शेवटच्या रांगेतील भाविकालाही स्वच्छ ऐकू येते. आम्ही स्वतः अशा प्रयोगांचे व्यासपीठावरून कौतुक केले आहे. तरीही पिलात झालेल्या तरुणाचा आवाज त्याचा नाही हे कळल्यावर मनात प्रश्न राहतोच : ह्या तरुणाला नाटकाने काय दिले?

हा प्रश्न मांडण्यास निमित्त आहे. धर्मग्रामाच्या सभागृहात केवळ सणापुरते नव्हे, तर वर्षभर नाट्यप्रशिक्षण असावे, अशी इच्छा काही युवक बोलून दाखवितात. त्यावर पालकांची शंका ठरलेली असते. मुलांना सिनेमात पाठवायचे आहे काय? दहावी-बारावीच्या अभ्यासाचे काय? शंका रास्त आहेत. म्हणून अशा प्रशिक्षणात नेमके काय घडते, ते समजून घ्यावयास हवे.

ख्रिस्तसभेला ही गोष्ट नवीन नाही. इटलीतील तुरीन शहरी संत जॉन बॉस्को ह्यांनी १८४६ च्या ईस्टरपासून वाल्दोक्को येथील एका साध्या शेडमध्ये आपले युवाकेंद्र स्थिर केले. तेथे येणारी मुले म्हणजे गवंड्यांच्या हाताखालचे पोरगे, कारागिरांकडील शिकाऊ, पोटासाठी खेड्यातून शहरात आलेले. त्यांच्यासाठी डॉन बॉस्को ह्यांनी रात्रीचे वर्ग काढले, संगीत शिकविले आणि नाटकही बसविले. १८५० पासून त्या राज्यात दशमान पद्धतीची नवी वजने-मापे सक्तीची होणार होती. व्यवहारात ही मुले फसतील, हे ओळखून त्यांनी १८४९ साली ह्याच विषयावर विनोदी संवाद लिहिले आणि मुलांकडून ते रंगमंचावर करवून घेतले. किलोग्रॅम आणि लिटर ह्यांवर एका संताने नाटक लिहावे, ह्याची आम्हांला नेहमीच मौज वाटते.

पुढे ह्या छोट्या रंगभूमीसाठी त्यांनी नियमच तयार केले. नाटकाचा हेतू मुलांना आनंद, संस्कार आणि ज्ञान देणे हा असावा. ते लांबलचक नसावे, कारण प्रेक्षक कंटाळतात. (आपल्या तीन-तीन तासांच्या कार्यक्रमांच्या आयोजकांनी हे वाक्य भिंतीवर लावावे.) भूमिकांसाठी चांगल्या वर्तनाच्या मुलांना प्राधान्य द्यावे, पण अधूनमधून त्यांच्या जागी इतरांनाही संधी मिळावी. ह्यांत एक नियम फारच कडक आहे : अभिनयाची वा गाण्याची विशेष देणगी असलेल्यांना मेजवान्या, बक्षिसे वा खास स्तुती मिळता कामा नये. त्यांना शिकावयास जो वेळ मिळाला आणि जे शिक्षण मिळाले, तेच त्यांचे पारितोषिक. आज हा नियम जसाच्या तसा कोणी पाळणार नाही, आणि टाळ्यांना मज्जाव करावा असे आमचेही म्हणणे नाही. पण ‘उत्कृष्ट अभिनेता’ची ढाल एकाच्या हाती जाताना इतर वीसजणांचे चेहरे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना डॉन बॉस्को काय सांगत होते ते कळेल.

दुसरे उदाहरण पोप संत जॉन पॉल दुसरे ह्यांचे. पोलंडवर नाझींचा अंमल असताना १९४१ साली क्राकूव्ह शहरात कोत्लार्चिक ह्या नाट्यशिक्षकाभोवती काही तरुण एकत्र आले. घरांतून, गुप्तपणे, जवळजवळ कोणत्याही नेपथ्याविना ते प्रयोग करीत. पकडले गेल्यास छळछावणीचे भय होते. सारा भर शब्दावर, शुद्ध आणि अर्थपूर्ण उच्चारावर. त्यांच्यातच होता खाणीत आणि पुढे रासायनिक कारखान्यात राबणारा विशीतला कारोल वोयतिवा. १९४२ साली त्याने गुप्त सेमिनरीत प्रवेश घेतला. वेदीवरून शब्द उच्चारण्याची साधना त्याने आधी त्या बैठकीच्या खोलीत केली होती.

आता प्रत्यक्ष शिबिराकडे वळू. पहिले काही दिवस संहिता हाती येतच नाही. मुले वर्तुळात उभी राहतात, श्वास पोटापासून घेण्यास शिकतात, ओरडल्याविना आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत कसा न्यावा ते शिकतात. दोघे समोरासमोर उभे राहून ‘आरसा’ होतात. एकाची हालचाल दुसऱ्याने त्याच क्षणी करावयाची. वरकरणी हा खेळ वाटतो. पण दुसऱ्याकडे सलग पाच मिनिटे लक्षपूर्वक पाहणे आजच्या मुलाला किती जड जाते, हे करून पाहिल्यावरच समजते.

नंतर येते उत्स्फूर्त नाट्य. मार्गदर्शक केवळ प्रसंग देतात. वसईतील एका घरी वाडी विकण्याचा विचार चालला आहे. आजोबा नको म्हणतात, मुलाला परदेशी शिक्षणासाठी पैसे हवेत, वडील दोघांच्या मध्ये सापडले आहेत. मुलांनी संवाद स्वतः रचावेत, आणि तेही घरच्या बोलीत, सामवेदी असो वा वाडवळी. एरवी गप्प बसणारी मुलगी अशा वेळी आजीचे बोल बोलू लागते. मग भूमिका बदलतात. मुलगा झालेला आता आजोबा होतो आणि ज्या म्हाताऱ्याला मघाशी त्याने हट्टी म्हटले, त्याच्याच तोंडचे शब्द त्याला शोधावे लागतात. शेजारधर्मावरील आमच्या प्रवचनाने इतके काम क्वचितच केले असेल.

ह्या वाटेने ठाण्यात झालेले काम पाहण्यासारखे आहे. ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी ह्यांनी २०१४ साली समता विचार प्रसारक संस्थेसह ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. मतकरींचे २०२० साली निधन झाले. वस्त्यांतील मुलामुलींनी आपल्याच जीवनातील प्रश्नांवर छोट्या नाटिका रचाव्यात आणि त्या स्वतःच सादर कराव्यात, अशी ही कल्पना. व्यावसायिक रंगभूमीवर नाव मिळविलेल्या लेखकाने ह्या मुलांच्या हाती तयार संहिता दिली नाही, ही बाब आम्हांला सर्वांत मोलाची वाटते.

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. रविवारच्या मिस्सेनंतर आठवडाभर कुलूपबंद राहणारे सभागृह, आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन-दोन तास, आणि नाट्यशास्त्र शिकलेला एक मार्गदर्शक इतके पुरे. मार्गदर्शकाला मात्र मानधन द्यावे. सेवेच्या नावाखाली कलावंताला फुकट राबविण्याची आपली सवय चांगली नाही. पालकांची लेखी संमती असावी, तालमीच्या वेळी दोन प्रौढ व्यक्ती सतत हजर असाव्यात, मुली सुखरूप घरी पोहोचतील ह्याची व्यवस्था असावी. ह्या बाबतीत हयगय चालणार नाही. परीक्षांच्या महिन्यात वर्ग बंद ठेवता येतो. ज्यांना मंचावर यावयाचे नाही, त्यांनी प्रकाशयोजना, वेशभूषा, पडदा ही कामे शिकावीत.

दिवाळीच्या सुट्टीत आरंभ केला, तर पवित्र आठवड्यापर्यंत चार-पाच महिने हाती लागतात. तेवढ्या अवधीत पिलाताला आपला स्वतःचा आवाज सापडू शकतो. शेवटच्या रांगेसाठी ध्वनिवर्धक आहेच; तो त्या आवाजासाठी वापरावा.