पूर्वज लक्झेंबर्गचे, वंशज अमेरिकेचे : एका गावाच्या नावावर अडलेला शोध

३१ डिसेंबर २०१८ ही अमेरिकेतील अनेक कुटुंबांसाठी केवळ वर्षअखेर नव्हती. लक्झेंबर्ग या युरोपातील चिमुकल्या देशाने २००८ च्या नागरिकत्व कायद्यात एक तरतूद केली होती. ज्याचा थेट पूर्वज, मग तो पित्याकडचा असो वा मातेकडचा, १ जानेवारी १९०० रोजी लक्झेंबर्गचा नागरिक होता, त्या वंशजाला पिढ्यांच्या ओघात गमावलेले नागरिकत्व परत मिळवता येणार होते. २०१७ च्या कायद्याने या मार्गावरील पहिल्या अर्जाला २०१८ च्या अखेरची मुदत घातली. हक्क कायद्याने दिला होता, परंतु तो सिद्ध करायचा तर पूर्वजापासून अर्जदारापर्यंतची पिढ्यांची साखळी दाखल्यांनिशी जोडून दाखवावी लागणार होती. मधली एक कडी निखळली, तर पुढचे सारे व्यर्थ.

गोमंतकीय वाचकाला ही धावपळ परकी वाटणार नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजोबांची जन्मनोंद, तिच्यातील नावाचे पोर्तुगीज रूप आणि लिस्बनमधील नोंदणी यांच्या फेऱ्यांत येथील कित्येक घरे अडकलेली आहेत. लक्झेंबर्गचे क्षेत्रफळ अवघे २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहूनही कमी. तरीही तेथून समुद्रापार गेलेल्यांचा माग काढणे सोपे नाही. या शोधाची किल्ली देशाच्या नावात नसते, आडनावातही नसते; ती गावाच्या नावात असते.

ते का गेले

एकोणिसाव्या शतकातील लक्झेंबर्ग हा गरीब शेतकऱ्यांचा देश होता. फ्रेंच अमलात आलेल्या वारसा कायद्याने जमीन सर्व अपत्यांत समान वाटली जाई. पिढीगणिक तुकडे लहान होत गेले. उत्तरेकडील डोंगराळ भागातील माती नापीक होती. १८४० च्या दशकात बटाट्याचे पीक बुडाले आणि घरे रिकामी होऊ लागली. पुढील अर्धशतकात हजारो लोकांनी अमेरिकेची वाट धरली. विस्कॉन्सिनमधील ओझॉकी काउंटी, आयोवातील डब्यूक आणि सेंट डोनेटस, मिनेसोटातील रोलिंगस्टोन, तसेच शिकागो शहर येथे त्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. शतकाच्या अखेरीस दक्षिणेतील लोहखनिजावर पोलाद उद्योग उभा राहिला, तेव्हा कोठे चित्र पालटले. जो देश माणसे पाठवत होता, तोच इटलीहून आणि पुढे पोर्तुगालहून कामगार बोलावू लागला.

फसवे देशनाव

अमेरिकेतील जनगणनेच्या कागदांत एकाच माणसाचे जन्मस्थान एकदा 'जर्मनी', दुसऱ्यांदा 'हॉलंड' आणि तिसऱ्यांदा 'बेल्जियम' असे लिहिलेले आढळते. पाहणारा गोंधळतो आणि ही वेगवेगळी माणसे असावीत असे समजून शोध सोडून देतो. वास्तविक नोंद करणारा चुकलाच असेल असे नाही. सीमा हलल्या होत्या. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने लक्झेंबर्गला ग्रँड डची केले, पण नेदरलँड्सचा राजाच तिचा ग्रँड ड्यूक झाला. पूर्वेकडील प्रदेश प्रशियाकडे गेला. उरलेला देश जर्मन राज्यसंघाचा सदस्य झाला. १८३९ च्या लंडन तहाने पश्चिमेचा मोठा भाग बेल्जियमला दिला. तो आजही बेल्जियमचा 'लक्झेंबर्ग' प्रांत म्हणून ओळखला जातो. डच राजघराण्याशी असलेले नाते १८९० मध्ये तुटले.

त्यामुळे नागरिकत्व घेताना 'नेदरलँड्सच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो' असे शपथेवर सांगणारा माणूस डच असेलच असे नाही. विस्कॉन्सिनमध्ये लक्झेंबर्गी लोकांनी वसवलेल्या एका गावाचे नावच 'बेल्जियम' आहे आणि लक्झेंबर्गी वारसा जपणाऱ्या अमेरिकी संस्थेचे केंद्रही त्याच गावात आहे. यावरून शोधकाने एक धडा घ्यावा : देशाचा रकाना वाचावा, पण त्यावर विसंबू नये.

शोधाची सुरुवात अलीकडच्या तीरावर

अनेकजण एकदम युरोपातील दप्तरांत शिरतात आणि हरवतात. योग्य क्रम उलटा आहे. आधी स्वतःच्या घरातील कागद, मग अमेरिकेतील नोंदी आणि गाव हाती लागल्यावरच लक्झेंबर्ग.

अमेरिकेतील सरकारी कागद गावाच्या बाबतीत कंजूष असतात. १९०६ पूर्वी नागरिकत्व देण्याचे काम कोणतेही स्थानिक न्यायालय करू शके आणि त्या कागदांवर बहुधा देश वा राजा यापलीकडे काही नसे. जहाजांच्या जुन्या याद्याही क्वचितच गाव सांगतात. बरेच प्रवासी अँटवर्प किंवा ल हाव्र या बंदरांतून निघाले. पैकी अँटवर्पच्या निर्गमन याद्या बहुतांशी नष्ट झाल्या आहेत.

जे सरकारने लिहिले नाही, ते पुष्कळदा पाद्रीने लिहून ठेवले. हे स्थलांतरित प्रामुख्याने कॅथलिक होते. त्यांच्या अमेरिकेतील चर्चच्या विवाह व मृत्यू नोंदींत मूळ गावाचा उल्लेख सापडू शकतो. कधी तो थडग्यावरील दगडावर कोरलेला असतो, तर कधी मृत्युवार्तेत छापलेला. डब्यूक येथून १८७१ ते १९१८ या काळात निघणारे 'लक्झेंबर्गर गझेट' हे जर्मन वृत्तपत्र या दृष्टीने मोलाचे आहे. त्याचे संपादक निकोलस गॉनर यांनी अमेरिकेतील लक्झेंबर्गी वस्त्यांवर १८८९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तोही आज साधन म्हणून वाचला जातो. शेजारी कोण राहत होते, बाप्तिस्म्याला साक्षीदार कोण होते, हेही टिपून ठेवावे. एका गावची माणसे परदेशातही एकमेकांजवळ घरे बांधत. स्वतःच्या पूर्वजाचे गाव सापडले नाही, तरी शेजाऱ्याचे गाव तेथवर नेऊ शकते.

एक माणूस, तीन नावे

नाव हाती आले तरी ते कोणत्या भाषेतील, हा प्रश्न उरतोच. चर्चची वही लॅटिनमध्ये, सरकारी नोंद फ्रेंच किंवा जर्मनमध्ये आणि घरातील बोली लक्झेंबर्गी. बाप्तिस्म्यातील 'योहानेस' दाखल्यात 'जाँ' होतो, घरी 'यांग' आणि अमेरिकेत 'जॉन'. 'म्युलर'चा 'मिलर' होतो आणि 'श्मिट'चा 'स्मिथ'. पोर्तुगीज दप्तरात शेणैंचे 'सिनाय', प्रभूंचे 'पोरोबो' आणि कामतांचे 'कामोतीम' झालेले पाहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गावांचेही तसेच. फ्रेंचमधील ड्यूडलांज जर्मनमध्ये ड्यूडेलिंगेन असते आणि लक्झेंबर्गीत डिद्देलेंग.

विसाव्या शतकातील नामवंत छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांचे उदाहरण घेता येईल. त्यांचा जन्म २७ मार्च १८७९ रोजी लक्झेंबर्गमधील बिव्हांज या लहानशा गावी झाला आणि ते तान्हे असतानाच कुटुंब अमेरिकेला गेले. जन्माचे नाव एदुआर जाँ. जगाला ठाऊक झाले ते एडवर्ड. गावाचे जर्मन नाव बिविंगेन, लक्झेंबर्गी नाव बेइवेंग. शिवाय गावाची वेगळी जन्मवही नसते. नोंदी कम्यूनच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, वहीत होतात आणि बिव्हांज रोएझर कम्यूनमध्ये येते. एवढ्या प्रसिद्ध माणसाची जन्मनोंद काढायची झाली, तरी हाच जिना चढावा लागतो : नावाची रूपे, गावाची रूपे, मग कम्यून.

लक्झेंबर्गची दप्तरे

गाव आणि कम्यून हाती आली की पुढचा रस्ता मात्र आश्चर्य वाटावे इतका नीट आखलेला आहे. त्याचे श्रेय फ्रेंच राजवटीला जाते. १७९५ मध्ये फ्रान्सने हा प्रदेश जोडून घेतला आणि जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंदणी सुरू केली. वही दोन प्रतींत लिहिली जाई. एक कम्यूनकडे राही, दुसरी न्यायालयात जमा होई. दर दहा वर्षांनी नावांची वर्णानुक्रमे सूची केली जाई. ही दशवार्षिक सूची आधी पाहिली, तर शेकडो पाने चाळण्याचे श्रम वाचतात. मात्र १८०५ अखेरपर्यंतच्या तारखा फ्रेंच क्रांतीच्या पंचांगाप्रमाणे आहेत. त्या नेहमीच्या तारखांत फिरवून घ्याव्या लागतात.

सर्वांत समृद्ध असतात ते विवाहाचे जोडकागद. लग्नासाठी वधूवरांना जन्मदाखले द्यावे लागत. आईवडील हयात नसल्यास त्यांचे मृत्यूदाखलेही जोडावे लागत. त्यामुळे एका पुडक्यात कधी कधी तीन पिढ्या भेटतात. १८४३ पासूनच्या जनगणनेच्या याद्या घरातील माणसे एकत्र दाखवतात; एका गणनेत असलेले कुटुंब पुढच्या गणनेत नाहीसे झाले, की प्रस्थानाचा काळ ठरवता येतो. नोटरीच्या दप्तरात निघण्यापूर्वी विकलेल्या शेतीचे आणि घराचे खत सापडू शकते. यांपैकी बराच ऐवज राजधानीतील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि नागरी नोंदींच्या प्रतिमा 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. जुनी वृत्तपत्रे राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर खुली केली आहेत.

१७९५ च्या मागे जायचे, तर चर्चच्या लॅटिन वह्या उरतात आणि तेथे एक चकवा दबा धरून असतो. त्या काळी नाव माणसाइतकेच घराचेही असे. घरजावई होऊन सासरी राहायला गेलेला पुरुष त्या घराच्या नावाने ओळखला जाई आणि त्याची मुलेही तेच नाव लावत. एकाच बापाच्या दोन मुलग्यांची आडनावे त्यामुळे निराळी असू शकतात. नोंदीत 'अलिआस' किंवा 'दी', म्हणजे 'ऊर्फ', असा शब्द दिसला की थांबून पाहावे. पुढे फ्रेंच कायद्याने आडनावे कायम केली.

मुदत संपली, कागद राहिले

२०१८ ची मुदत कधीच उलटली. पूर्वज १ जानेवारी १९०० रोजी हयात होता, एवढे दाखवणारा मृत्यूदाखला वेळेत मिळाला त्यांच्यासाठी दार उघडले. ज्यांना पणजोबांच्या गावाचे नाव तारीख उलटल्यावर कळले, त्यांच्यासाठी ते मिटले. हक्क दोघांचा सारखाच होता, फरक होता तो कागद हाती येण्याच्या वेळेचा. कायदे बदलतात, मुदती येतात नि जातात; त्या कधी येतील हे आधी कोणी सांगत नाही. म्हणून घरातील वडीलधारी माणसे बोलती आहेत तोवरच त्यांना विचारून ठेवावे : आपले मूळ गाव कोणते, वाडा कोणता, घराला लोक काय म्हणत, आणि दप्तरात आपले नाव कसे लिहिले गेले. चार ओळींचे ते टिपण उद्या नातवंडांच्या हाती शंभर वर्षे जुन्या वहीचे नेमके पान उघडून देऊ शकते.