लाखोळीची डाळ व मज्जापेशी

बुऱ्हाणपूरच्या तटाला वेशी आहेत, तशी मज्जापेशीच्या आवरणालाही सूक्ष्म दारे असतात. त्यांतून विद्युद्भारित कणांची ये-जा होते व संदेश पुढे जातो. या कामाची शक्ती पेशीतील तंतुकणिका पुरवितात.

मध्य प्रदेशाच्या पूर्व भागात दुष्काळी दिवसांत गरिबांची भिस्त लाखोळीच्या डाळीवर असे. महिनोन्‌महिने तीच खाऊन धडधाकट माणसांचे पाय कायमचे ताठले. डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ व सहकाऱ्यांनी १९९८ साली उंदरांवरील प्रयोगांतून यामागील एक कारण दाखविले. डाळीतील विष दारे भलत्या वेळी उघडते, एवढेच नव्हे, तर तंतुकणिकांतील एक प्रमुख विकरही निकामी करते. काही संरक्षक द्रव्ये आधी दिली, तेव्हा उंदरांची ही हानी टळली. ताठलेल्या पायांवर मात्र अद्याप इलाज नाही.