बिघाड लहरी नसतो

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सी सेवेतून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, पण हौशी मालकांच्या दारात ती अजून उभी आहे. अशा गाड्यांचे इंजिन कुणीही उघडते. डोके खाते ते वायरिंग. हेडलाइट मधेच मंदावतो, स्टार्टर एखाद्या सकाळी नुसता ‘टक्’ करून थांबतो, इंजिन तापल्यावर बंद पडते आणि गॅरेजमध्ये नेईपर्यंत सगळे सुरळीत होते. मग ‘गाडी लहरी आहे’ असे म्हणून कॉइल बदलली जाते, बॅटरी बदलली जाते. पण विजेला लहर नसते. अधूनमधून येणारा बिघाड ठरावीक परिस्थितीतच येतो, आणि उष्णता, ओलावा, हादरे किंवा वाढलेला भार यांपैकी ती परिस्थिती कोणती हे शोधणे म्हणजेच निदान. ओलाव्याचे उदाहरण म्हणून तंजावर जिल्ह्यातले पापनाशम घ्या. कावेरीच्या त्या सखल प्रदेशात मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. तडा गेलेली डिस्ट्रिब्युटरची टोपी मुंबईत आषाढात छळेल, पापनाशमला कार्तिकात. त्यामुळे ‘कधी बंद पडते?’ हा प्रश्न ‘काय बदलू?’च्या आधी विचारायला हवा.

अशा बिघाडाचे मूळ धातूंच्या स्पर्शात आहे. दोन टर्मिनल घट्ट बसलेली दिसली तरी त्यांचे पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात आणि प्रत्यक्षात मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. सारा प्रवाह त्या ठिपक्यांतून जातो, हे राग्नार होल्म यांनी विद्युतस्पर्शांच्या अभ्यासातून दाखवून दिले. गाडीच्या कंपनाने कथलाचा मुलामा असलेली टर्मिनल मायक्रोमीटरमध्ये मोजावी इतकी घासत राहतात, प्रत्येक घासणीत नवा धातू उघडा पडून गंजतो आणि वीज नीट न वाहू देणारी भुकटी साचते. उष्णतेचेही तसेच. बॉनेटखाली तापमान ५० अंशांनी वाढले की मीटरभर तांब्याची तार सुमारे ०.८५ मिलिमीटर लांबते. आतून तुटत आलेल्या तारेचे किंवा कॉइलच्या वेढ्याचे टोक थंडीत टेकलेले आणि गरमीत सुटलेले असू शकते. इंजिन निवल्यावर गाडी ‘आपोआप’ सुरू होण्याचे हे एक साधे कारण.

इथे पहिला आक्षेप येतो: मल्टिमीटर लावून पाहिला, कनेक्शन पूर्ण आहे, बझरही वाजला. पण बझर वाजायला अत्यल्प प्रवाह पुरतो; अनेक धाग्यांच्या तारेतला एक धागा शाबूत असला तरी तो वाजतोच. गाडीला मात्र भार ओढायचा असतो. ६० वॅटचा हेडलाइट सुमारे ५ अँपिअर घेतो. त्याच्या मार्गात ०.२ ओहम जास्तीचा विरोध आला तर एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि उजेड जवळपास पाव हिश्शाने घटतो. स्टार्टरने १५० अँपिअर ओढले तर अवघा ०.०२ ओहमही तीन व्होल्ट गिळतो. एवढा बारीक विरोध साधा मीटर ओहमच्या खुणेवर दाखवूच शकत नाही. म्हणून प्रवाह वाहत असताना व्होल्ट मोजावेत. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरे स्टार्टरच्या धातूच्या अंगावर ठेवून कुणाला तरी चावी फिरवायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष अर्थिंगच्या वाटेवर आहे, आणि बॅटरीवर पैसे घालण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: बिघाड समोर आलाच नाही तर मोजायचे काय? तो समोर आणावा लागतो. संशयित कपलर एकेक करून हलवावा, कॉइलला हेअर ड्रायरची ऊब द्यावी, इग्निशनच्या भागांवर हात दूर ठेवून पाण्याचा बारीक फवारा मारावा, दिवे आणि वायपर एकदम लावावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशामुळे काय झाले ते कळत नाही. एवढ्यानेही साधले नाही, तर मीटरच्या लांब वायरी नीट बांधून घेऊन शेजारी बसलेल्या माणसाने चालत्या गाडीत आकडा पाहावा.

तिसरा आक्षेप खर्चाचा. वायरमनच्या तासांपेक्षा जुन्या गाडीचा सुटा भाग स्वस्त पडतो, हे खरेच. शंकेच्या भागाच्या जागी चांगला असल्याची खातरी असलेला भाग लावून पाहणे हीसुद्धा रास्त चाचणी आहे. गफलत होते ती निष्कर्षात. भाग काढता-घालताना जुने कनेक्शन घासले जाते, भुकटी झडते, गाडी काही दिवस नीट चालते आणि श्रेय नव्या भागाला मिळते. खातरी करायची तर काढलेला भाग परत लावून दोष परततो का ते बघावे. वायरींचे आवरण ठिसूळ झाले असेल तर सगळे वायरिंग बदलणेच योग्य. पण नव्या तारा बॉडीच्या त्याच गंजक्या बोल्टवर आवळल्या तर अर्थिंगचा दोष जागचा हलत नाही. गाडी सुरू झाली एवढ्याने दुरुस्ती सिद्ध होत नाही. ज्या उष्णतेत, ज्या ओलाव्यात, ज्या भारावर ती बंद पडत होती, तीच स्थिती पुन्हा निर्माण करून मीटरवरचा आकडा खाली आला तरच बिघाड सापडला असे म्हणता येते.