आकडा खरा, पण कशाचा?

‘मुले पळवण्याच्या प्रकारांत वाढ’ असा मथळा वाचला की घरोघरी आयांच्या पोटात गोळा येतो. आकडा सरकारी, म्हणजे खराच असणार! पण तो नेमका कशाचा?

कायद्यातल्या ‘अपहरण’ या शब्दाचा पसारा मोठा आहे. १८ वर्षांखालील मुलाला पालकांच्या संमतीवाचून नेले की ते अपहरण. राजीखुशीने प्रियकरासोबत गेलेली १७ वर्षांची मुलगीही त्यात आलीच. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण वा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा आदेश दिला. आदेश हिताचाच, कारण शोध लगेच सुरू होतो. पण रुसून घर सोडलेला मुलगाही त्यामुळे अपहृतांच्या रकान्यात जाऊ लागला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात सर्वांत धाकटा वयोगट ‘६ वर्षांखालील’ असा आहे. पाळण्यातली बाळे त्यातून वेगळी काढता येत नाहीत.

अमेरिकेतही १९८०च्या दशकात असेच घडले. दरवर्षी ५० हजार मुले अनोळखी माणसे पळवतात, असे तिथे सर्रास सांगितले जाई. ‘डेन्व्हर पोस्ट’ने हे आकडे तपासले. बेपत्ता मुलांपैकी बहुतेक घरातून पळालेली किंवा आईबापांच्या ताब्यावरून चाललेल्या भांडणात अडकलेली निघाली. या कामाला १९८६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढे १९९९ सालाच्या सरकारी पाहणीत बेपत्ता म्हणून नोंदलेली मुले अंदाजे ७,९७,५०० भरली. परक्या वा जेमतेम ओळखीच्या माणसाने पळवून नेण्याची गंभीर प्रकरणे मात्र सुमारे ११५ होती.

असली तपासणी ही केवळ अभ्यासकांची हौस नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने ५ जणांना ठेचून मारले. ते भटक्या समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे होते. मनात आधीच भीती भरलेली असली की अफवेला पुरावा लागत नाही.

म्हणून अशी बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. मुलांची वये काय होती? नेले कोणी? आणि किती मुले घरी परतली? तान्ही बाळे चोरीला जातात, हेही खरेच. पण तिथे धोका बहुधा दारावर आलेल्या भिक्षेकऱ्याचा नसतो. प्रसूतिगृहात परिचारिका वा मदतनीस असल्याचे भासवून गोड बोलत बाळ मागणारी बाई आधी ओळखायला हवी. ओळखपत्र पाहिल्यावाचून बाळ कुणाच्या हाती देऊ नये. सावध तर राहायलाच हवे, पण कुठे, हे कळले पाहिजे.