क्रिशला बायको का ओळखू आली नाही?

विज्ञानपटाचा दुसरा-तिसरा भाग बघून बाहेर पडणारा प्रेक्षक सहसा विज्ञानावरून भांडत नाही. माणूस एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर उडी मारतो, यंत्रमानव प्रेमात पडतो, परग्रहावरचा जीव उन्हावर जगतो, हे सगळं त्याने तिकीट काढतानाच मान्य केलेलं असतं. तो भांडतो ते पात्रांच्या वागण्यावरून. ‘क्रिश ३’ बघून आलेल्या कोल्हापूरकराची चहाच्या गाड्यावरची तक्रार साधारण अशी असते : “एवढा हुशार गडी, आणि सोत्ताची बायकू वळखंना व्हय?” पटकथेच्या वर्गात ज्यावर तासन्‌तास बोललं जातं, तो पात्राचा तर्क या एका प्रश्नात आला.

तर्क म्हणजे शहाणपण नव्हे

पात्र तर्काने वागलं पाहिजे याचा अर्थ ते शहाण्यासारखं वागलं पाहिजे असा नाही. घाबरलेला माणूस मूर्खपणा करतो, प्रेमात पडलेला तर हमखास करतो. बघायचं एवढंच, की त्याला या क्षणी काय माहीत आहे, काय हवं आहे आणि त्यासाठी तो काय गमवायला तयार आहे. या तिन्हींतून त्याची कृती निघत असेल, तर ती कितीही वेडगळ असली तरी पटते.

पुढच्या भागात आणखी एक गोष्ट जमेला धरावी लागते, ती म्हणजे मागच्या वेळी काय घडलं. खासबागेत गेल्या मैदानात ढाक डावावर चीतपट झालेला पैलवान या वेळी त्या डावाची तोड शिकून येतो. तो पुन्हा त्याच डावावर पडूही शकतो, पण असा डाव आपण पाहिलाच नव्हता अशा चेहऱ्याने उभा राहिला, तर मैदान हसेल. बिघडलेल्या सिक्वेलमधली माणसं नेमकी अशीच उभी राहतात.

कोल्हापूरचा पहिला अज्ञातवास

मुखवटा घालून दुष्टांना धडा शिकवणारा नायक आपल्याला बाहेरून आला असं वाटतं. पण कोल्हापूरच्या पहिल्याच चित्रपटात तो होता, फक्त मुखवट्याऐवजी त्याच्या हातात पळी होती. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्याचा आधार होता कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’. कीचकाच्या आडून लॉर्ड कर्झनवर रोख असलेल्या या नाटकावर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातली होती. पडद्यावरचा कीचकाचा वध इतका खरा वाटला की त्यावरही सेन्सॉरची कात्री चालली. बाबूरावांना लोकमान्यांकडून ‘सिनेमा केसरी’ ही पदवी मिळाली ती याच सुमाराची गोष्ट.

कारागिरीचं कौतुक नेहमी होतं, आणि व्हायलाच हवं. कॅमेराही घरचाच, कोल्हापुरात घडवलेला. मला मात्र त्या कथेतली वागणुकीची वीण जास्त मोलाची वाटते. पांडव विराटाच्या घरी वेश पालटून राहताहेत आणि वर्षभरात ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षं वनवास, ही अट आहे. या एका अटीतून पुढचं सगळं निघतं. कीचक भर दरबारात द्रौपदीला लाथ मारतो आणि युधिष्ठिर गप्प बसतो. बसावंच लागतं. द्रौपदी उघड दाद मागू शकत नाही, म्हणून ती रात्री मुदपाकखान्यात बल्लव झालेल्या भीमाकडे जाते. भीमालाही चौकात जाऊन कीचकाला आव्हान देता येत नाही. मग अंधार, नृत्यशाळा, सैरंध्री झालेल्या द्रौपदीच्या जागी दबा धरून बसलेला भीम. वध झाल्यावर ती सांगते, माझ्या गंधर्व पतींनी मारला. कथा इथेही थांबत नाही. कीचकासारख्या वीराला नुसत्या हातांनी कोण मारू शकतं, असा हिशेब दुर्योधनाकडे मांडला जातो आणि कौरव विराटाच्या गाईंवर येतात. एका वधाचा असा माग निघतो. आजच्या भाषेत याला सिक्वेलचं बीज म्हणतील.

मुखवट्याचं कारण

२००६ चा ‘क्रिश’ या कसोटीला बऱ्यापैकी उतरतो. ‘कोई मिल गया’ (२००३) मध्ये जादू या परग्रहावरच्या जीवामुळे शक्ती मिळालेल्या रोहितचा मुलगा म्हणजे कृष्णा, तोच क्रिश. आजी त्याला डोंगरात नेऊन लपवून वाढवते, कारण शक्तीच्या पायी आपला मुलगा गमावला असं तिला वाटतं. ती नातवाकडून वचन घेते की शक्ती कुणाला दाखवायची नाही. मग सिंगापुरात सर्कशीला आग लागते, आत मुलं अडकतात. वचन मोडायचं की मुलांना मरू द्यायचं? कृष्णा तिथलाच एक मुखवटा चेहऱ्याला लावून आत शिरतो. वचनही राहतं, मुलंही वाचतात. मुखवट्याला कारण आहे आणि त्या कारणाला आजी आहे. हिंदी व्यावसायिक चित्रपटात इतकी नेटकी गाठ क्वचित बसते.

‘क्रिश ३’ कुठे घसरतो

१ नोव्हेंबर २०१३ ला आलेल्या पुढच्या भागात खलनायक काल आहे, त्याने जनावरांच्या गुणांनी घडवलेले ‘मानवर’ आहेत आणि हवं ते रूप घेणारी काया आहे. काया कृष्णाच्या गरोदर बायकोची, प्रियाची जागा घेते. खरी प्रिया कालच्या कैदेत. मूल गेलं असं कृष्णाला सांगितलं जातं आणि तो परक्या बाईबरोबर संसार चालू ठेवतो.

चित्रपटाची बाजूही मांडायला हवी. लेखकांनी गर्भपाताचं दुःख मध्ये आणलं ते उगाच नव्हे. अशा आघातानंतर बायको बदलल्यासारखी वाटली, तर कुठलाही समजूतदार नवरा खोदून विचारणार नाही. म्हणजे झाकण तयार होतं. पण ते नीट बसवलं नाही. कृष्णाच्या बुद्धीची आणि चपळाईची वर्णनं आपण दोन चित्रपट ऐकत आलो. अशा माणसाला काहीतरी खटकायला हवं होतं. ते त्याच्या लक्षात यावं आणि ‘दुःखात आहे बिचारी, मीच संशयी झालो’ म्हणून त्याने स्वतःलाच गप्प करावं. एवढी दोन मिनिटं दिली असती, तर त्याची चूक प्रेमातून झालेली चूक ठरली असती. आता ती पटकथेच्या सोयीसाठी झालेली दिसते.

गंमत म्हणजे त्याच कथानकात काया पटते. तिचं काम फसवायचं, पण आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी कुणी मायेने वागतं, तेही दुसरीच समजून. ती विरघळते, बाजू बदलते आणि त्याची किंमत जिवाने मोजते. खोटी बायको खऱ्या नायकापेक्षा जास्त खरी वाटावी, यात कंगना रनौतच्या अभिनयाचा वाटा आहेच, पण निम्मं श्रेय लिखाणाचं. कायाला काय हवं आहे ते लेखकांना माहीत होतं. कृष्णाला मात्र त्यांनी मारामाऱ्यांसाठी राखून ठेवलं.

चिट्टीची लाल चिप

रजनीकांत म्हणजे मूळचे बंगळुरूच्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड, त्यामुळे ‘रोबोट’कडे आपल्याकडे थोडं घरच्यासारखं बघितलं जातं. शंकर यांच्या २०१० च्या या चित्रपटात चिट्टीला भावना मिळतात, तो आपल्या निर्मात्याच्या प्रेयसीवर, सनावरच प्रेम करतो, नाकारला जातो आणि लाल चिप बसवल्यावर संहार मांडतो. शेवटी न्यायालयाच्या हुकमावरून स्वतःचे सुटे भाग स्वतःच्या हाताने काढून ठेवतो. तो प्रसंग यंत्राचा असूनही गळा दाटून येतो.

२०१८ च्या ‘२.०’ मध्ये मोबाइल लहरींनी पाखरं मरतात म्हणून पक्षीराजन सूड घ्यायला उठतो आणि त्याला रोखायला चिट्टी परत जोडला जातो. पुढे तीच लाल चिप त्याच्यात पुन्हा घातली जाते. ज्या चिपेने शहर रक्तबंबाळ केलं, ती हातात घेताना कुणाचा हात थरथरायला हवा होता. तो थरथरत नाही, उलट प्रेक्षकांनी शिट्ट्या माराव्यात म्हणून तो क्षण सजवला आहे. आणि ज्या सनामुळे पहिल्या भागातलं सगळं रामायण घडलं, ती इथे फोनवरच्या आवाजापुरती उरते. मोबाइलच्या विरोधातल्या चित्रपटात नायिका मोबाइलवर, हा योगायोग लेखकांनी हेरला असता तर बहार आली असती.

तात्या विंचूचा हिशेब

मराठीत विज्ञान-मारधाडपटांची मालिका नाही, पण अशक्य नियमावर चालणारा सिक्वेल आहे. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूला माणसात परत यायचं असतं आणि त्यासाठी त्याने पहिल्यांदा आपलं गुपित ज्याला सांगितलं त्याचंच शरीर चालतं. म्हणून तो लक्ष्याच्या मागे. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि एक साधा नियम. पोरंसुद्धा हा नियम न चुकता सांगतात.

लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले. २०१३ च्या ‘झपाटलेला २’ला तीच अडचण होती जी जगभरच्या सिक्वेलना असते. नट नाही, तर गोष्ट कशी पुढे न्यायची? उत्तर वारसाचं निघालं : आता लक्ष्याचा मुलगा. नियम ताणला गेला खरा, पण तुटला नाही. तात्याला काय हवं आहे ते वीस वर्षांनीही बदललेलं नव्हतं, त्यामुळे थ्रीडीच्या करामती चालू असतानाही त्याचं वागणं कळत राहतं.

असं होतं कशामुळे

मोठ्या बजेटच्या पुढच्या भागात अनेकदा आधी प्रसंग ठरतात. विमान वाचवायचंय, पुतळा पडायचाय, शहर उद्ध्वस्त व्हायचंय. त्यांचं संगणकावरचं काम महिनोन्‌महिने चालतं, म्हणून ते लवकर पक्के करावे लागतात. मग या प्रसंगांपर्यंत पात्रांना कसं न्यायचं हे लेखकाने बघायचं. दार उघडं राहायला हवं म्हणून पहारेकरी झोपतो. नायक एकटा सापडायला हवा म्हणून तो कुणाला न सांगता निघतो. दुसरी खोट शक्तीच्या महागाईची. पहिल्या भागापेक्षा खलनायक वरचढ हवा, मग नायकाला नवी ताकद हवी, आणि ज्याला सगळंच जमतं त्याला पेचात टाकायला उरतो तो त्याचा गाफीलपणा. म्हणून पडद्यावरचे महाबुद्धिमान लोक ऐनवेळी ठोंबे होतात.

नारळीकरांचा वामन

विज्ञानकथाकार जयंत नारळीकर कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी जन्मले, वाढले मात्र बनारसला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं हे नाव म्हणजे त्यांचाही छोटासा अज्ञातवासच.

त्यांच्या ‘वामन परत न आला’ या १९८६ च्या कादंबरीत जमिनीत सापडलेल्या प्राचीन ज्ञानाच्या आधारे वामन हा यंत्रमानव घडतो. त्याला आपल्यासारखे आणखी वामन हवे असतात. त्याच्या बाजूने बघितलं तर यात वावगं काही नाही, आणि माणसाच्या बाजूने बघितलं तर पायाखालची जमीन सरकते. कुणाला खलनायक करायला त्याच्यात चिप बसवावी लागत नाही. दोघांचं आपापल्या जागी बरोबर असणं, एवढ्यावर संघर्ष उभा राहतो. मराठी पडद्यावर विज्ञानपट आणायचा झाला, तर आधी ही कादंबरी वाचावी. तिच्यातले प्रसंग थोड्या पैशांतही उभे राहतील, कारण ताण संवादांत आहे.

सारा मागे पळते तेव्हा

सिक्वेलने स्मरणशक्ती कशी वापरावी याचा नमुना बघायचा तर जेम्स कॅमेरून यांचा ‘टर्मिनेटर २’ (१९९१). पहिल्या भागात, १९८४ साली, एक यंत्रमानव सारा कॉनरला मारायला आला होता. ते सांगत सुटल्यामुळे ती आता मनोरुग्णालयात आहे. मोठ्या हिकमतीने ती कोठडीतून निसटते, लिफ्टपाशी पोचते, दार उघडतं आणि समोर तोच चेहरा. या वेळी तो तिच्या मदतीला आला आहे, हे आपल्याला माहीत, तिला नाही. तिचे पाय निसटतात, ती जमिनीवर कोसळते, आणि उठून ज्यांच्या तावडीतून सुटली त्याच रखवालदारांच्या दिशेने पळत सुटते. वरवर बघता हा वेडेपणा. पण मागच्या भागात तिने जे भोगलं ते ठाऊक असलेल्याला दुसरं काही सुचणारच नाही. संवादाचं एक वाक्यही खर्च न करता इतक्या वर्षांची भीती समोर येते.

‘क्रिश ४’च्या टेबलावर

पुढचा ‘क्रिश’ हृतिक रोशन स्वतः दिग्दर्शित करणार असल्याचं मार्च २०२५ मध्ये राकेश रोशन यांनी जाहीर केलं. मागच्या भागाने त्यांच्या टेबलावर बरंच सामान ठेवलंय. मुलाला जिवंत करताना रोहित गेला आहे. कृष्णाच्या मुलाने पाळण्यातच आपली शक्ती दाखवली आहे. काया ज्या घरात बायको म्हणून वावरली, तिथे खरी प्रिया परत आली आहे, आणि त्या दिवसांबद्दल नवरा-बायको काय बोलले हे अजून कुणी दाखवलेलं नाही. लपवून वाढवलेल्या कृष्णाला आता स्वतःचं पोर वाढवायचंय. आजीच्या वचनाखाली तो घुसमटला होता. मुलाकडून तो तेच वचन मागणार का?